वैनगंगेकाठचा मोगली : ‘मूळ कृतीशी इमान’ म्हणजे नेमके कोणाशी इमान?

(१)
‘छावा’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्याची झलक आल्याबरोबर संभाजीमहाराजांच्या लेझीम खेळण्याच्या दृश्यावर आक्षेप आले आणि ते दृश्य वगळण्यात आले. पुढे शिर्के घराण्याच्या काही वंशजांनी फितुरीच्या चित्रणाला हरकत घेतली व दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. मार्च महिन्यात तर कहर झाला. चित्रपटात मोगलांच्या खजिन्याचा उल्लेख आहे म्हणून मध्य प्रदेशात असीरगडाच्या आसपास माणसे रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणू लागली. इतिहासावरून कादंबरी, कादंबरीवरून चित्रपट, आणि चित्रपटावरून कुदळ!

(२)
त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी दोन बाजू घेऊन वाद घातला. एक बाजू म्हणे, चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीशी प्रामाणिक आहे ना, मग तक्रार कसली? दुसरी म्हणे, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, इमान राखायचे ते कागदपत्रांशी. दोन्ही बाजू ‘मूळ’ हा शब्द वापरत होत्या आणि दोघींच्या मनातले मूळ वेगळे होते. या गोंधळाचा विचार करताना मला सतत एक दुसरेच पुस्तक आठवत राहिले. ते आमच्या गोंदियाच्या अंगणातून वाहणाऱ्या नदीकाठी घडते, जगभर वाचले गेले आहे, आणि त्याच्यावर जितके चित्रपट निघाले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या भारतीय पार्श्वभूमीच्या पुस्तकावर निघाले असतील. रुडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’. ती कादंबरी नव्हे, कथांची माळ आहे, हे आधीच मान्य करतो. पण प्रश्न तोच आहे आणि येथे तो अधिक स्वच्छ दिसतो.

(३)
प्रथम भूगोल. मोगलीच्या कथा ज्या ‘सिओनी’च्या टेकड्यांत घडतात ती म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातील शिवनी, आणि ज्या ‘वैनगंगा’ नदीचे नाव त्या पुस्तकात पुन्हापुन्हा येते ती आपलीच वैनगंगा. शिवनी जिल्ह्यात उगम पावून ती मोठे वळण घेते, बालाघाटावरून खाली येते, बाघ नदीला पोटात घेते आणि तिरोड्याच्या बाजूने गोंदिया-भंडाऱ्याची सीमा होत दक्षिणेस जाते. पुढे वर्धेला मिळून ती प्राणहिता होते. शेरखानाचा मुलूख पुस्तकात या नदीच्या काठी सांगितला आहे. तो पट्टेदार वाघ जन्मतः एका पायाने लंगडा असल्याने त्याची आई त्याला ‘लंगडी’ म्हणते, हेही तेथेच कळते.

(४)
आज मधे राज्याची सीमा आहे म्हणून शिवनी आपल्याला परकी वाटते. ती रेषा अलीकडची आहे. १८६१ साली ब्रिटिशांनी मध्य प्रांत निर्माण केला तेव्हा शिवनी, मंडला, भंडारा हे सारे एकाच प्रशासनाखाली आले. बालाघाट जिल्हा तर १८६७ नंतरच्या काही वर्षांत भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून तयार केला गेला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. तेव्हा मोगली हा ‘तिकडचा’ आणि आम्ही ‘इकडचे’ असे म्हणण्याला जेमतेम सत्तर वर्षांचा आधार आहे. नागझिऱ्याच्या रानात आजही ज्यांची टोळी दिसली की पर्यटक श्वास रोखतात ती रानकुत्री, मराठीतले जुने नाव कोळसून, हीच किपलिंगच्या ‘लाल कुत्र्यां’च्या कथेतील सेना. दख्खनेतून वर चढणारी.

(५)
आता गंमत पाहा. या रानाचे इतके तपशील देणारा किपलिंग शिवनीला कधी आल्याचा पुरावा नाही. त्याचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५ चा. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. पत्रकारिता केली ती लाहोर आणि अलाहाबाद येथे. मोगलीच्या कथा त्याने लिहायला घेतल्या १८९२ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतील वर्माँट प्रांतात, ब्रॅटलबरोजवळ, बाहेर बर्फ साचलेले असताना. ‘द जंगल बुक’ १८९४ साली आले, दुसरा भाग १८९५ साली.

(६)
मग शिवनीचे रान त्याला मिळाले कोठून? मुख्यतः रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या ग्रंथांतून. स्टर्नडेलने सातपुड्यातील शिवनीच्या शिकारी मुक्कामांवर १८७७ साली पुस्तक लिहिले होते आणि १८८४ साली भारतातील सस्तन प्राण्यांवर मोठा ग्रंथ. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणून मान देतो ते पुस्तक स्वतःच एक रूपांतर आहे. भालू, हाथी, शेरखान ही नावे उत्तर हिंदुस्थानी बोलीतली. ‘मोगली’ हे नाव मात्र त्याने स्वतः बनविले. पुस्तकात त्याचा अर्थ बेडूक असा दिला आहे, पण तसा शब्द आपल्या कोणत्याही भाषेत नाही. किपलिंगच्या मते त्याचा उच्चार ‘माउग्ली’ असा होता. आपण म्हणतो तो ‘मोगली’ आपल्याला दूरदर्शनने दिला.

(७)
याहून मोठी कबुली त्याने एका पत्रात दिली. १८९५ सालचे ते पत्र २०१३ मध्ये विक्रीस आले तेव्हा बातमी झाली होती. जंगलचा जो ‘कायदा’ पुस्तकाचा कणा आहे त्याविषयी किपलिंग तेथे मोकळेपणाने सांगतो की तो गरजेप्रमाणे रचलेला आहे, त्यातला थोडा भाग तर एस्किमो लोकांच्या शिकार वाटून घेण्याच्या नियमांतून उचललेला आहे, आणि आपण इतरांच्याही कथांतून बरेच घेतले असणे शक्य आहे, कोणाच्या ते आता स्मरत नाही. ध्रुवप्रदेशाचे नियम वैनगंगेच्या वाघाला लागू! स्वतः उसनवारी मान्य करणाऱ्या लेखकाच्या पुस्तकाशी चित्रपटाने ‘प्रामाणिक’ राहावे ही मागणी मग हास्यास्पद ठरत नाही काय?

(८)
नाही ठरत. येथूनच माझे खरे म्हणणे सुरू होते.

(९)
सामग्री उसनी असली तरी तिच्यातून जे उभे राहिले ते उसने नाही. किपलिंगच्या मोगलीकथांचा आत्मा एका ताणात आहे: कायदा पाळणारे आणि कायदा नसलेले. भालू हा तेथे गमत्या सोबती नव्हे, कायद्याचा वृद्ध शिक्षक आहे. कडक आहे, प्रसंगी चापट मारतो. ‘बंदरलोक’ म्हणजे माकडांची जमात तिरस्करणीय आहे ती कुरूप म्हणून नव्हे. त्यांना कायदा नाही, स्मरण नाही आणि पुढारी नाही म्हणून. का हा अजगर शत्रू नसून मोगलीचा वाचविणारा आणि पुढे त्याचा सल्लागार आहे. माकडांनी मोगलीला पळवून नेल्यावर भालू आणि बघीरा मदतीला जातात ते का याच्याकडेच. का आपले संमोहक नृत्य करतो, माकडे खेचली जातात, इतकेच काय भालू-बघीराचेही पाय पुढे पडू लागतात. माणसाचे पोर असल्याने मोगलीवर मात्र परिणाम होत नाही. आणि सुटका झाल्यावर? जीवावर उदार होऊन ज्यांनी सोडविले तेच मोगलीला कायद्याप्रमाणे शिक्षा देतात. भालूचे मन तयार नसते, पण पश्चात्तापाने शिक्षा टळत नाही हा नियम तोच सांगतो. बघीरा मोजके फटके देतो आणि मग मोगली त्याच्या पाठीवर डोके टेकून झोपी जातो. साऱ्या पुस्तकाचे मर्म मला या प्रसंगात दिसते.

(१०)
आता १९६७ चा डिस्नेचा व्यंगपट पाहा. वॉल्ट डिस्नेंनी लेखक लॅरी क्लेमन्स यांच्या हाती किपलिंगचे पुस्तक दिले आणि पहिली सूचना केली ती ते न वाचण्याची, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याआधी बिल पीट यांनी मूळ पुस्तकाच्या जवळ जाणारा, गडद छटेचा आराखडा तयार केला होता. मतभेद होऊन ते बाहेर पडले. पडद्यावर आला तो भालू काम टाळून मजेत राहण्याचे गाणे गातो. माकडांना राजा मिळाला, तोही ओरांगउटान, जो सुमात्रा आणि बोर्निओच्या रानांतला, वैनगंगेच्या नव्हे. ज्यांना पुढारी नाही हेच ज्यांचे लक्षण, त्यांना सिंहासन दिले! का खलनायक झाला; त्याचे संमोहन माकडांवरून काढून थेट मोगलीवर वळविले. एकेक बदल सुटा घेतला तर क्षुल्लक वाटेल. एकत्र घेतले तर दिसते की पुस्तकातला एकच खांब काढला आहे, आणि नेमका तोच छत तोलून धरणारा होता.

(११)
गैरसमज नको: तो चित्रपट मला आवडतो. डिस्ने स्वतः तो पूर्ण झालेला पाहू शकले नाहीत, १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यातील चाली आजही ओठांवर येतात. एखादा चित्रपट मूळ कृतीशी बेइमान असूनही चांगला असू शकतो, यात विसंगती नाही. तक्रार आहे ती नंतरच्या स्मरणाविषयी. आज जगातील बहुसंख्य मुलांसाठी ‘जंगल बुक’ म्हणजे तोच चित्रपट. २०१६ च्या जॉन फॅव्ह्रो यांच्या चित्रपटाने कायद्याचे पठण परत आणले, दुष्काळातील पाणवठ्याच्या तहाचे सुंदर दृश्य परत आणले, पण माकडांचा राजा ठेवलाच आणि का यालाही घातकच ठेवले. कारण उघड आहे. त्या चित्रपटाचे ‘मूळ’ १८९४ चे पुस्तक नव्हते, १९६७ चा चित्रपट होता. रूपांतराने मुळाची जागा घेतली की असे होते. असीरगडावर कुदळ घेऊन गेलेल्यांचे तरी याहून वेगळे काय झाले होते?

(१२)
आपल्या पिढीच्या थोरल्या भावंडांना आठवत असलेला दूरदर्शनवरचा मोगली मात्र जपानचा. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ साली ती बावन्न भागांची मालिका केली. नव्वदच्या दशकात ती हिंदीत आली. गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखानाला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. गंमत अशी की परक्या देशातून, परक्या भाषेतून आलेल्या त्या मालिकेत का मित्र आहे आणि कळपाच्या कायद्याला वजन आहे. मालिकेच्या लांबीचा हा फायदा असेल. दोन तासांत कायदा शिकविता येत नाही, बावन्न रविवारी येतो.

(१३)
म्हणजे बदल करूच नयेत, असे मी म्हणतो काय? मुळीच नाही. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटाने अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकत्र केल्या. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिताना कितीतरी फांद्या छाटल्या असणार. तरी सत्तेकडे बघण्याची साधूंची थंड नजर तशीच राहिली, आणि त्याला कोणी बेइमानी म्हटले नाही. त्याच दिग्दर्शकाच्या ‘जैत रे जैत’ (१९७७) मध्ये गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीला ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत मिळाले. कादंबरी वाचताना गाणी ऐकू येत नाहीत. पण ठाकरांचे जग ढोलाच्या तालावर चालते, तेव्हा ती भर मुळाच्या विरोधात न जाता मुळातूनच उगवल्यासारखी वाटते. ‘श्यामची आई’त साने गुरुजींच्या बेचाळीस रात्री आहेत. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यांतल्या निवडक घेतल्या आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. आणि आमची झाडीपट्टी रंगभूमी! धान घरात आले की रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत गंभीर कथानकाच्या मधोमध विनोदी पात्र घुसते, गाणे घुसते, प्रेक्षकांची फर्माईश घुसते. झाडीचा माणूस त्यावर कधी कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही, कारण शेवटच्या अंकात बाप रडतो तेव्हा तो खराच रडतो.

(१४)
तेव्हा माझा निकष प्रसंगांचा नाही. कृती ज्या नात्यावर उभी आहे ते नाते टिकले का, एवढेच मी पाहतो.

(१५)
पण थांबा. इतके म्हणून मी सुटू शकलो असतो, जर ‘जंगल बुक’मध्ये गोंड नसते.

(१६)
दुसऱ्या भागात एक कथा आहे. मोगलीला दुधाने वाढविणाऱ्या, त्याला पोटचा मुलगा मानणाऱ्या मेसुआ आणि तिच्या नवऱ्याला गावकरी चेटकी ठरवून जाळू पाहतात; त्यांची म्हशी-शेती वाटून घेण्याचा बेतही त्यामागे असतो. मोगली त्यांना सोडवितो, आणि मग हाथी व त्याच्या मुलांच्या मदतीने सारे गाव रानाला परत देतो. पिके तुडविली जातात, गुरे पळतात, धान्य संपते. घाबरलेले गावकरी जवळच्या गोंडांच्या मुखियाला बोलावतात: आमच्या देवांनी तुमच्या देवांचा काही अपराध केला काय? किपलिंग या गोंडांचे वर्णन करताना त्यांना या भूमीचे मूळ मालक म्हणतो. तो मुखिया उत्तर देत नाही. रानकारल्याचा वेल उचलतो, देवळाच्या दारावर लावतो, आणि आपल्या रानाकडे निघून जातो. या जागी आता कारल्याचे वेल चढणार, एवढाच अर्थ.

(१७)
मला तरी साऱ्या पुस्तकात इतके दृश्यमय, इतके सिनेमाचे म्हणावे असे पान दुसरे आढळले नाही. एक माणूस, एक वेल, शब्द नाही. आणि वर ज्या गाजलेल्या चित्रपटांचा उल्लेख आला त्यांत ते नाही. ओरांगउटानाला सुमात्र्याहून आणता आले. जो आधीपासून पानावर उभा होता त्या गोंडाला पडद्यावर आणता आले नाही. माझ्या लेखी डिस्नेच्या माकडराजापेक्षा ही बेइमानी मोठी आहे, कारण राजा जोडताना निदान काहीतरी निर्माण झाले.

(१८)
यावर एक आक्षेप रास्त आहे. किपलिंगची ती कथा निर्दोष नाही. मेसुआ आणि तिचा नवरा पळून जातात ते खान्हीवाड्याला (शिवनी जिल्ह्यातील आजचे कान्हीवाडा), कारण तेथे इंग्रज आहेत आणि इंग्रज साक्षी-पुराव्यावाचून कोणाला जाळू देत नाहीत. गावकरी अज्ञानी व क्रूर, न्याय मात्र साहेबाकडे. साम्राज्याची ही जाहिरात आहे, यात शंका नको. इतिहास काय सांगतो? याच मध्य प्रांतात, १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनंतर, जंगले राखीव झाली. गोंड-बैगांच्या बेवर शेतीवर बंधने आली. काल जो मालक होता तो आज लाकडाच्या मोळीसाठी परवाना मागू लागला. ज्या वर्षांत किपलिंग वर्माँटमध्ये गोंडांना भूमीचे मालक लिहीत होता, त्याच वर्षांत त्याच्या देशबांधवांची कचेरी ती मालकी रद्द करीत होती. मग चित्रपटवाल्याने अशा कथेशी इमान राखावे कसे?

(१९)
माझे मत असे की ती कथा साहेबी न्यायासकट दाखवावी. दोष पुसून टाकलेले रूपांतर प्रेक्षकाला असा समज देते की लेखकही निर्दोष होता आणि काळही. १९४२ च्या झोल्टान कोर्डांच्या चित्रपटात मैसूरच्या माहुताचा मुलगा साबू मोगली झाला. तो कॅलिफोर्नियात चित्रित झाला, खजिन्याच्या लोभाची कथा त्यात गावाच्या कथेशी जोडली गेली. आणि तरी गावकऱ्यांचा लोभ, संशय, आग हे सारे त्यात आहे. पुढच्या चित्रपटांनी मुलांना त्रास नको म्हणून गावच काढून टाकले, किंवा पाण्याची घागर घेतलेल्या मुलीपुरते उरविले. पुस्तकातल्या मोगलीला कळपही हाकलतो आणि गावही दगड मारते. दोन्हीकडून हाकललेल्या मुलाची ती कथा आहे. मुले इतकी नाजूक नसतात. ती श्यामच्या आईचा मृत्यू सोसतात.

(२०)
आता आणखी एक पाऊल. आमच्या सालेकसा तालुक्यात, दरेकशाजवळ, कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तेथे देशभरातून गोंड समाज जमतो. गुहेत कोंडलेल्या मुलांना पहांदी पारी कुपार लिंगोने मुक्त केले आणि त्यांना धर्म, गोत्रे, जगण्याचे नियम दिले, ही त्यांची कथा. म्हणजे रानातली मुले, आणि रानात राहणाऱ्यांसाठी कायदा देणारा! किपलिंगने ज्याच्यासाठी एस्किमोंकडे हात पसरला ते वैनगंगेच्या खोऱ्यात गायले जातच होते. परधान गायक ते पिढ्यान्‌पिढ्या गात आले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत एका परधानाकडून उतरवून घेतले. १८६३ साली हिस्लॉप बुडून मरण पावले आणि रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ साली छापले. मग कॅप्टन जेम्स फोर्सिथने मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या १८७१ च्या पुस्तकात त्याचे संक्षिप्त इंग्रजी पद्य केले. गाण्याचा कागद झाला, कागदाची इंग्रजी कविता झाली. हेही रूपांतरच.

(२१)
परंतु येथे इमानाचा प्रश्न वेगळा होतो. किपलिंगला मी काय द्यायचे ते त्याच्या वाचकाच्या नात्याने द्यायचे. तो गेला, १९३६ सालीच. लिंगोची कथा ज्यांची आहे ते माघात दरेकशाच्या स्थानकावर उतरतात. हिस्लॉपच्या छापील पाठात आणि आज कचारगडावर सांगितल्या जाणाऱ्या कथेत फरक आहेत. उद्या कोणी त्यावर चित्रपट काढला तर त्याचे मूळ कोणते, १८६६ चा कागद की आजचा गायक? वाचनालयात बसणाऱ्यास कागद सोयीचा, कारण कागद हरकत घेत नाही. मी गायकाकडे आधी जावे असे म्हणेन, आणि कागद बरोबर न्यावा. दोहोंत जेथे अंतर असेल तेथे ते पडद्यावर दाखविण्याचा मार्ग शोधावा. कठीण आहे. पण दोन कादंबऱ्यांचा एक चित्रपट करणेही सोपे नव्हते.

(२२)
याच कारणाने ‘छावा’च्या वादात मी कोणत्याच बाजूला पूर्ण नव्हतो. वंशजांना नकाराधिकार असावा असे मला वाटत नाही. तसे झाले तर प्रत्येक घराणे आपापला इतिहास धुऊन देईल. पण त्यांना उत्तर मिळण्याचा अधिकार आहे, आणि ‘आम्ही कादंबरीवरून केले’ हे उत्तर नव्हे. ऐतिहासिक चित्रपटांच्या धंद्यात ही दुहेरी सोय रुळली आहे: तिकीट विकताना इतिहास, आक्षेप आला की कादंबरी. सावंतांच्या कादंबरीला यात विनाकारण ढाल व्हावे लागते. कादंबरीकाराने कोणत्या बखरीवर भरवसा ठेवला, कोठे कल्पना केली, हे वाचकाला पानांच्या अवकाशात जाणवते. पडद्यावर बखर आणि कल्पना एकाच उजेडात उभी राहतात. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून पटकथा लिहिली गेली असती तर निम्मे वाद उद्भवलेच नसते.

(२३)
जाता जाता, जो मोगली पडद्यावर क्वचितच दिसतो त्याच्याविषयी. किपलिंगने मोगलीची जी पहिली कथा छापली ती ‘जंगल बुक’च्याही आधीची, १८९३ च्या संग्रहातली. तीत मोगली तरुण आहे. गिसबोर्न नावाच्या वनाधिकाऱ्याला तो रानात भेटतो, नीलगायी हव्या तशा हाकून दाखवितो, आणि वन खात्याचा म्युलर नावाचा जर्मन वरिष्ठ त्याला नोकरीवर घेतो. अधिकाऱ्याच्या खानसाम्याच्या, अब्दुल गफूरच्या, मुलीशी तो लग्न करतो. शेवटी त्यांचे तान्हे मूल आहे आणि भोवती लांडगे. म्हणजे कायदा शिकलेला, वाघ मारलेला, गाव रानाला परत दिलेला आपला नायक अखेरीस सरकारी वनरक्षक होतो, आणि त्याला पुढे निवृत्तिवेतन मिळणार असते. राखीव जंगलात, पगारावर. नागझिऱ्याच्या नाक्यावर खाकी कपड्यांत उभ्या असलेल्या एखाद्या गोंड तरुणाकडे पाहताना मला हा शेवट नेहमी आठवतो. यावर चित्रपट काढायचा तर कोणाच्या बाजूने काढाल, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.

(२४)
पुढचा धागा गोंदिया-नैनपूर-जबलपूर या जुन्या नॅरोगेज रेल्वेवर.